झंवर सरांची बेरीज

कर्जाचा कुठलाही कागद हातात आला की माझी नजर आपोआप खाली घसरते, अगदी शेवटच्या ओळीवर. वर ठळक अक्षरात हप्ता असतो, शेजारी हसऱ्या कुटुंबाचं चित्र असतं, त्याकडं मी बघतच नाही. खाली बारीक अक्षरात 'एकूण परतफेड' असं लिहिलेलं असतं. पुष्कळदा तेही नसतं. मग मी फोन काढून हप्त्याला महिन्यांनी गुणत बसते आणि समोरचा माणूस कंटाळून इकडंतिकडं बघायला लागतो. ही खोड झंवर सरांची. सर जालन्याला भावाकडं निघून गेले, खोड तेवढी माझ्याकडं राहिली.

आम्ही दोघं कुंभार पिंपळगावच्या शाळेत होतो. ते गणित शिकवायचे, मी मराठी. राहायला दोघंही अंबडला. रोज सकाळी अड्ड्यावरून जीप धरायची, गुडघे पोटाशी घेऊन बसायचं, खडी अंगावर उडवत जाणाऱ्या ट्रकांना शिव्या देत शाळा गाठायची आणि संध्याकाळी तसंच परत. त्या प्रवासात माणसाचं सगळं कळतं. झंवर सरांचं मला पहिल्या महिन्यातच एवढं कळलं होतं की ह्या माणसाला कुणी 'हप्ता' असं नुसतं म्हटलं तरी त्याच्या कपाळाची शीर उठते.

"हप्ता इचारू नका, बेरीज इचारा," हे त्यांचं वाक्य. दिवसातून एकदा तरी यायचंच. बारीक अंगकाठी, पांढरा शर्ट, खिशात खडूचा एक तुकडा. गणित सांगायला त्यांना कागद लागायचा नाही. जीपच्या सीटच्या पाठीवर, स्टाफरूमच्या टेबलावर, एकदा तर पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यावर त्यांनी खडूनं कुणाचं तरी कर्ज मांडलेलं मी पाहिलंय. शिपाई लक्ष्मणमामा मागून फडकं घेऊन पुसत फिरायचे आणि पुटपुटायचे, "सरांनी अजून एकाचा घास कडू केला."

आमच्या नोकरीत कर्ज म्हणजे पगाराचाच एक भाग. शिक्षकांची पतसंस्था, बँक, परत पतसंस्था. आणि प्रत्येक कर्जाला जामीन म्हणून दुसरा शिक्षक. तुम्ही माझे जामीन, मी तुमची, अशी सगळी शाळाच एकमेकांच्या गळ्यात बांधलेली. एकट्या झंवर सरांनी कधी कुणाकडं जामीन मागितला नाही आणि कुणाला दिलाही नाही. लोक त्यांना चिकट म्हणायचे. त्यांच्या घरच्यांचं जालन्याच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, आडत दुकान होतं. दोघं भाऊ ते सांभाळायचे. राजस्थानातून आलेलं घराणं, पाच पिढ्या इथंच, आणि त्यात हे एकटेच मास्तर. भाऊ चिडवायचे म्हणे, की आपण व्याज कमावतो आणि हा फळ्यावर लिहितो.

एकदा मी त्यांना विचारलं, की सर, तुम्हाला कर्जाचा एवढा राग का. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमच्या घरात बियाणं उधारीवर जायचं मॅडम. जेवताना वडील बोलायचे, अमका किती वर्षं देऊन राह्यला. त्याचंच पोरगं माझ्या वर्गात बसायचं. मला तव्हापासून देणाऱ्याच्या बाजूनं मोजायची आदत लागली."

वाघ सरांनी गाडी घेतली तेव्हाची गोष्ट. पेढे घेऊन आले बिचारे. पाच लाखाचं कर्ज, पाच वर्षं, आणि म्हणे सात टक्के व्याज. झंवर सरांनी पेढा हातात धरला, तोंडात घातला नाही.

"सात कशावर? उरलेल्या रकमेवर, का पुऱ्या पाच लाखावर?"

"आता ते काय माहीत. सात म्हणले."

"कागद दाखवा." कागद बघून त्यांनी टेबलावर खडू चालवला. "हे बघा. तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत देऊन राह्यले. चौथ्या वर्षी तुमच्याकडं त्यांचे लाख-दीड लाख राहतील, तरी व्याज पुऱ्या पाच लाखावरच चालू. पावणेदोन लाख व्याज जातंय. खरे सात टक्के असते तर लाखाच्या आत भागलं असतं. ह्याला सात न्हाई म्हणत. हे पावणेतेरा झाले."

वाघ सर गाडीची चावी बोटात फिरवत होते, ती थांबली. "सर, पेढा तरी खा," असं म्हणाले आणि बाहेर गेले. महिनाभर त्यांनी झंवर सरांना गाडीत घेतलं नाही. आम्ही सगळे त्या थंडगार गाडीतून जायचो आणि सर एकटे जीपनं. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं, किंवा वाटत असेल तर दिसत नव्हतं.

माझ्यावरही पाळी आली. मी घरासाठी वीस लाख घेतले, वीस वर्षांच्या मुदतीनं, नऊ टक्क्यांनी. हप्ता अठरा हजार, पगारात सहज बसत होता. मी खुशीत होते, आणि तरीही कागद त्यांच्यापुढं ठेवला. कशाला ठेवला देव जाणे. दुखऱ्या दाताला जीभ लावतो तसंच ते.

"बेरीज त्रेचाळीस लाख वीस हजार," सर म्हणाले. "तेवीस लाख नुसतं व्याज. तुमचा पगार पन्नास धरला तर जवळजवळ चार वर्षांचा पगार झाला. म्हणजे असं बघा मॅडम, आज पाचवीला आलेलं पोरगं आठवी पास होऊन जाईल, तोवर तुम्ही बँकेसाठी फुकट शिकवून राह्यल्या."

मला इतका संताप आला. वर्गात गेले तर समोर पाचवीच बसलेली. पोरं कविता म्हणत होती आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत हिशोब करत होते. दोन दिवस मी सरांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जीपमध्ये त्यांनीच विषय काढला. "घ्यायचंच असंल तर घ्या. पण दिवाळीचे, पगाराच्या फरकाचे जे जादा पैसे येतील ते मुद्दलात भरा. अन् बँकवाले इचारतील, हप्ता कमी करू का मुदत. मुदत म्हणा. बिलकुल मुदत." मी तसंच केलं. माझं कर्ज सहा वर्षं लवकर फिटणार आहे. एवढं त्यांचं देणं माझ्यावर आहे आणि ते कुठल्याच बँकेत भरता येत नाही.

पोरांना चक्रवाढ व्याज शिकवताना पुस्तकातली उदाहरणं ते घ्यायचे नाहीत. घरातल्या वस्तूचं गणित आणा म्हणायचे. पोरं मग बापाच्या मोबाइलचं, आईच्या शिलाई मशिनचं, फ्रिजचं गणित घेऊन यायची. एका बुधवारी आठवडी बाजारातला मोबाइलवाला तणतणत मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरला. "सर, तुमचे झंवर मास्तर धंदा बुडवून राह्यले. पोरगी बापाला दुकानातून ओढून घेऊन गेली. म्हणती, बिनव्याजी म्हणतात अन् फाइलचा खर्चा आधीच कापून घेतात." मुख्याध्यापकांनी झंवर सरांना बोलावलं. सर आले, सगळं ऐकून घेतलं, आणि त्या दुकानदारालाच म्हणाले, "तुम्ही दुकान कर्ज काढून टाकलं ना? बेरीज केली का कधी?" तो मनुष्य खुर्चीवर बसला तो तासभर उठला नाही. जाताना सरांच्या पाया पडायचा तेवढा राहिला होता.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, काय हुशार माणूस. मलाही वाटायचं. त्यांच्या घरी जायला लागले आणि मग वाटायचं कमी झालं.

सुशीलाभाभी म्हणजे सरांची बायको. ठेंगणी, हसरी, बोलायला मोकळी. मूलबाळ नव्हतं. बावीस वर्षांच्या संसारात अंबडातच त्यांनी पाच-सहा घरं बदलली, सगळी भाड्याची. मालकाच्या मुलाचं लग्न निघालं की ह्यांनी घर सोडायचं. कुठं पाणी एक दिवसाआड, कुठं वर गच्चीवर कपडे वाळत घालायला मनाई. आणि खिळा ठोकायला सगळीकडंच मनाई. भाभींच्या घरात भिंतीवर काही नसायचं. देवांच्या तसबिरी ट्रंकेवर भिंतीला टेकवून उभ्या. कॅलेंडर खिडकीच्या गजाला दोऱ्यानं बांधलेलं. आरसा कपाटाच्या मुठीला. मी एकदा म्हटलं, "भाभी, एक खिळा ठोकला तर मालक काय फासावर देतो काय?" त्या म्हणाल्या, "दुसऱ्याची भिंत हाय मॅडम. निघताना भोक आपलं राह्यतं."

दर दोन वर्षांनी त्या एखादा प्लॉट काढायच्या. सर बघायला जायचे, किंमत विचारायचे, कर्ज मांडायचे, बेरीज करायचे आणि परत यायचे. "दुप्पट जातंय," एवढंच म्हणायचे. प्लॉट दुसरं कुणीतरी घ्यायचं. पुढच्या वेळी प्लॉट गावापासून आणखी लांब आणि आणखी महाग. भाभी सामान बांधायच्या, सामान सोडायच्या.

एका दिवाळीला मी फराळाला गेले होते. भाभींनी मठरीची ताटली पुढं ठेवली आणि सरांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, "मॅडम, ह्यांनी साऱ्या तालुक्याच्या बेरजा केल्या. माझी एक करून द्या म्हणावं."

"कसली?" सर म्हणाले.

"भाड्याची. लग्नापासूनची."

सर हसले. "भाड्याला व्याज कुठं असतंय?"

"व्याज नका करू. नुसती बेरीज करा."

सरांनी खिशातून खडू काढला, तशी भाभींनी वर्तमानपत्र आणि पेन पुढं सरकवलं, कारण फरशीसुद्धा मालकाची होती. सर लिहायला लागले. पहिलं घर, दुसरं घर, भाडं कधी वाढलं, किती वाढलं, सगळं त्यांना तोंडपाठ. मी मठरी खात होते. लिहिता लिहिता त्यांचा हात हळू झाला. साडेनऊ लाखाच्या वर आकडा गेला होता. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जाचा शेवटचा रुपया शोधून काढला, त्यानं बावीस वर्षं भाड्याची बेरीजच केली नव्हती. का, तर भाड्याला व्याज नसतं. व्याज नाही ते त्याच्या लेखी गेलेलंच नव्हतं.

"अन् पहिला प्लॉट आज कितीला हाय, तेपण लिहा," भाभी म्हणाल्या. सरांनी ते लिहिलं नाही. ते नुसते त्या कागदाकडं बघत बसले. भाभींना त्यांची दया आली असावी. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला आकडा नको होता हो. मला एक खिळा ठोकायचाय."

आठवड्यानं जीपमध्ये सर माझ्या शेजारी बसले. शहागडकडून आलेल्या माणसांनी जीप खचाखच भरलेली. अर्धा रस्ता ते खिशातल्या खडूशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, जामीन राह्यता का?"

त्यांच्या तोंडून हा शब्द येईल असं मला सात जन्मांत वाटलं नसतं. मी हो म्हटलं.

बँकेत आम्ही तिघं गेलो. सरांची नोकरी दहा वर्षं उरली होती, म्हणून कर्ज दहाच वर्षांचं. पंधरा लाख, साडेआठ टक्के. हप्ता अठरा हजार सहाशे. साहेबानं हप्ता सांगायला तोंड उघडलं आणि सर म्हणाले, "बावीस लाख बत्तीस हजार." साहेब बघतच राहिला. मुदत कमी म्हणून व्याजही कमी, ह्याचं सरांना समाधान होतं. घर भाभींच्या नावावर, कर्ज दोघांच्या, कारण बाईचं नाव असलं की व्याज थोडं कमी बसतं. सर असं कारण सगळ्यांना सांगत होते. खरं कारण त्यांना सांगता येत नव्हतं.

मग विम्याची गोष्ट निघाली. कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज विमा कंपनी भरणार. सरांना नियम माहीत होता. "सक्ती न्हाई ह्याची. नको."

इतका वेळ भाभी पदर सावरून गप्प बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या मागं मी हप्ता कशी भरू?"

सर साहेबाकडं वळले. मग म्हणाले, "मंग माझा करा."

"दोघांचाही होतो," साहेब म्हणाला. "एकट्याचा एकोणचाळीस हजार, दोघांचा बेचाळीस, मग दोघांपैकी कुणीही गेलं तरी उरलेलं सगळं कर्ज फिटतं. तीनच हजारांचा फरक आहे."

"माझा कशाला?" भाभी म्हणाल्या. "मी कुठं चालले? अन् मी काय कमवते?"

सरांनी बोटावर काहीतरी मोजलं. "तीन हजारांसाठी अर्धवट काम नको. दोघांचा करा. अन् हे पैसे कर्जात धरू नका, मी रोख भरतो. विम्यावर आणखी व्याज नको." मी तिथंच बसले होते. मला त्या वेळी हसू आलं होतं. म्हटलं, हा माणूस सुधरायचा नाही.

घर झालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं थोडं अंगण. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी भाभींनी हातोडी घेतली. एक खिळा ठोकून बाई थांबेल असं वाटलं होतं. पण देवांना खिळे, कॅलेंडरला खिळा, आरशाला, झाडूला, पिशवीला, आणि काही नुसतेच. सर ओरडायचे, "अगं, प्लास्टर निघंल." त्या म्हणायच्या, "निघू द्या, आपलंच हाय." मी गेले की मला हाताला धरून भिंती दाखवायच्या. रिकामा खिळा दाखवला तर म्हणायच्या, "लागंल पुढं कशाला तरी." ती अडीच वर्षं सर वेगळे होते. बेरजा करायचे, पण सांगताना पूर्वीइतका धसका द्यायचे नाहीत. वाघ सरांच्या गाडीतून यायला लागले. एकदा तर चक्क म्हणाले, "मॅडम, हप्ता गेला की बरं वाटतंय. घर थोडं अजून आपलं झालं असं वाटतंय."

पावसाळ्याच्या शेवटी भाभींना ताप आला. दोन दिवस अंगावर काढला, कारण घरी पाहुणे होते. डेंग्यू निघाला. अंबडहून जालना, जालन्याहून संभाजीनगर. आठवडाभरात सगळं संपलं. मी हे पटकन लिहून टाकते, कारण सावकाश लिहायला बसले तर लिहून होणार नाही.

बाराव्यानंतर सर शाळेत आले. शिकवायचे, जीपमध्ये बसायचे, उतरायचे. खिशात खडू होता, पण तो फळ्यापुरताच. कुणी कर्जाचा कागद आणला तर वाचून परत द्यायचे आणि म्हणायचे, "घरात इचारलं का? मंग घ्या. जल्दी घ्या." समोरचा गोंधळून जायचा. बेरीज मागायला आलेला माणूस बेरीज न घेता परत जायचा. वाघ सर मला एकदा म्हणाले, "मॅडम, सरांनी मला परत एकदा झापावं असं वाटतंय हो." मलाही तसंच वाटत होतं.

आणि मग एका सकाळी सर माझ्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं तर आले, बसले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात बँकेचा कागद. "मॅडम, तुमची जामीनकी सुटली. तुमची एक प्रत तुमच्यापाशी असावी म्हणून आलो."

मी कागद घेतला. कर्ज खातं बंद, येणे बाकी काही नाही, असं त्यात होतं. विमा कंपनीनं उरलेलं सगळं भरलं होतं. मी आत जाऊन चहा ठेवला. चहा घेऊन आले तरी सर तसेच बसलेले, पिशवीची घडी घालत.

"पाच तारखेला हप्ता कटायचा," ते म्हणाले. "आता पाच तारीख येते अन् तशीच जाते. पगार पुरा हातात येतो. त्याचं करू काय, ते समजून न्हाई राह्यलं."

मी म्हटलं, "सर, चहा घ्या."

त्यांनी कप उचलला आणि परत ठेवला. "ते तीन हजार मी कशाला भरले हो मॅडम? ती न्हाई म्हणत होती."

मी म्हटलं, "तुम्ही बरोबरच केलं सर." माझंच मला ते खोटं वाटलं. खरं तर ते बरोबरच होतं, हिशोबानं अगदी बरोबर.

सरांनी चहा संपवला. मला वाटलं आता उठतील. पण त्यांनी सवयीनं खिशाला हात लावला, खडूवर बोट ठेवलं, आणि खडू काढला नाही. तोंडानंच सांगितलं. "तीस हप्ते गेले मॅडम. पाच लाख अठ्ठावन्न हजार. विम्याचे बेचाळीस धरले की बराबर सहा लाख. पंधरा लाखाचं कर्ज, अन् बेरीज सहा लाख." त्यांनी रिकामा कप माझ्याकडं सरकवला. "इतकी स्वस्त बेरीज मी आजवर कुणाची काढली न्हाई."

मग ते उठले, पिशवी घडी करून खिशात घातली, चपला घातल्या. मी दारात उभी राहून बघत होते. फाटकाबाहेर पडून ते घराकडं वळले नाहीत. डाव्या हाताला, जीपच्या अड्ड्याकडं चालायला लागले. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. त्या दिवशी रविवार होता, शाळा बंद होती.